शाळा सुटल्यावर

शाळा सुटल्याची घंटा ऐकून ज्याचें अंतःकरण एकदांहि उचंबळलें नाहीं, असा मनुष्य विरळा. आमचें वय आतां त्या घंटेच्या सत्तेबाहेर गेलें असलें, तरी सायंकाळीं पांचच्या सुमारास तिचा आवाज कानीं पडला, कीं हातांतलें पुस्तक आपोआप मिटतें आणि पाय ओसरीकडे वळतात. आमच्या ओसरीवरून शाळेचें पटांगण दिसतें. घंटा झाल्याबरोबर मुलांचा लोंढा बाहेर पडतो, धुळीचा लोट उठतो, सायकली खडखडतात, आणि दहा मिनिटांच्या आंत तें पटांगण असें ओस पडतें, कीं तेथें नुकतीं शें-दोनशें मुलें होतीं हें सांगूनहि कोणास खरें वाटूं नये. शिपाई फाटकास कुलूप घालतो. त्यानंतर दोन-तीन कुत्रीं आणि वारा एवढेच काय ते त्या पटांगणाचे धनी उरतात.

ह्या दहा मिनिटांविषयीं, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या रिकाम्या तासाविषयीं, चार शब्द लिहावे असें फार दिवस आमच्या मनांत होतें. मुलांनीं खेळावें, ह्या विधानास आज कोणीहि विरोध करीत नाहीं. व्यासपीठावरील पाहुणे तें म्हणतात, शाळांच्या अहवालांत तें छापलें जातें, आणि आम्ही स्वतः तें किती वेळां बोललों असूं ह्याची गणती नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, कीं पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें तरी घाम आणणारी हालचाल घडली पाहिजे. त्याच संघटनेच्या संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकीं जगांत शेंकडा ८१ जणांस तेवढी हालचाल घडत नाहीं. मुलग्यांत हें प्रमाण ७८, तर मुलींत ८५. म्हणजे ज्या गोष्टीवर सर्वांचें एकमत, तीच गोष्ट पांचांपैकीं चार मुलांच्या वांट्यास येत नाहीं! एकमत झालें म्हणजे काम झालें, असें मानण्याची आपणां सर्वांस संवय आहे. तिचें ह्याहून ठळक उदाहरण सांपडणें कठीण.

कारण विचाराल तर उत्तरें तयार असतात. एक म्हणतो मैदान नाहीं, दुसरा म्हणतो पैसा नाहीं, आणि तिसरा मोबाईलकडे बोट दाखवून मोकळा होतो. आम्हीहि ह्याच तिघांच्या पंक्तीस बसत होतों. परंतु आमच्या गांवीं जें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि ज्यांत आमचाहि थोडा हात होता, त्यावरून आमचें मत बदललें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचें गांव सुपा. शिवचरित्रांत ज्या सुप्याचें नांव येतें तें बारामतीकडचें. आमचें तें नव्हे. आमचें सुपा नगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांत, पुणें-नगर हमरस्त्यावर आहे. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी आमच्या पिढीच्या तोंडीं अजून नगरच येतें. पारनेर हें सेनापति बापटांचें जन्मगांव, ह्याचा तालुक्यास अभिमान आहे. पाण्याच्या बाबतींत मात्र अभिमान बाळगावा असें येथें फारसें कांहीं नाहीं. डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात, आणि खालीं माळावर औद्योगिक वसाहत पसरली आहे. तींत जपानी कारखान्यांसाठीं एक स्वतंत्र विभागच आंखलेला आहे. जेथें पूर्वीं मेंढरें चरत, तेथें आतां पाळीवर जाणाऱ्या माणसांच्या गाड्या धांवतात. मोकळ्या जागेस मोल आलें आहे, आणि मोकळ्या वेळेस तर त्याहून अधिक. तथापि खेळाच्या दृष्टीनें आमच्या गांवास एक देणगी आहे, ती म्हणजे कोरडी हवा. कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने मैदानाचें तळें होतें. आमच्याकडे पावसामुळें खेळ बुडाला असे दिवस बोटांवर मोजतां येतील. शेतकऱ्यास जो शाप, तोच खेळाडूस वर, असा हा विचित्र न्याय आहे.

२०२२ सालच्या जून महिन्यांत गांवांतील एका शाळेंत एक तरुण शिक्षक आले. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशी शाळा प्रत्येक तालुक्यांत आहे. त्यांचा विषय गणित, परंतु मन खो-खोंत. एके दिवशीं सायंकाळीं ते आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, “काका, दोन खांब पाहिजेत.” आमच्या जुन्या घराच्या मेढी परसांत पडून होत्या, त्यांपैकीं दोन त्यांनीं कापून, तासून, जमिनीवर कमरेच्या कांहींसें वर येतील अशा बेतानें पुरल्या. फक्कीच्या रेघा ओढल्या, आणि मैदान तयार झालें! खो-खोस ह्याहून अधिक कांहीं लागत नाहीं. आठ गडी आळीपाळीनें उलटसुलट तोंडें करून बसतात, नववा धांवतो; ना चेंडू, ना जाळें, ना भारी किंमतीचे बूट. पैशाची अडचण सांगणाऱ्यास हा खेळ निरुत्तर करतो.

पांच ते सहा असा तास ठरला. पहिल्या आठवड्यांत चाळीसांवर मुलें जमलीं, त्यांत निम्म्या मुली. आमची पुतणी तेव्हां नववींत होती. तिचे आईवडील नोकरीनिमित्त पुण्यास, आणि ती शिक्षणासाठीं आमच्याकडे. घरांत ती इतकी अबोल, कीं पाहुण्यांस ती आहे हेंच कळूं नये. परंतु पटांगणांत “खो” हा तिचा शब्द आमच्या ओसरीपर्यंत खणखणीत ऐकूं येई. पाठलाग करणारीस हुलकावणी देऊन खांबाला वळसा घालतांना तिचें सारें अंग जणूं एका क्षणापुरतें जमिनीशीं नातें तोडी. आम्ही पुस्तक मिटून बसत होतों तें त्याचसाठीं.

दिवाळीच्या सुटीनंतर मात्र मुलें गळूं लागलीं. चाळिसांचीं तीस झालीं, तिसांचीं वीस, आणि डिसेंबरांत मोजून चौदा. त्यांत मुली दोनच, आणि त्यांपैकीं एक आमची पुतणी, कारण तिचें घर पटांगणास लागून! आम्हीं लगेच निदान केलें: आजच्या पोरांत चिकाटी नाहीं. एवढ्यावर न थांबतां, पहिल्या महिन्यांत उत्तम खेळणाऱ्या एका मुलीच्या आईस चार हिताच्या गोष्टी सांगण्यासाठीं आम्ही एका रविवारीं तिच्या वाडीवर गेलों. बाई कारखान्यांत कामाला. तिनें आमचें सारें व्याख्यान शांतपणें ऐकून घेतलें, चहाचा कप पुढें केला, आणि म्हणाली, “आवं, खेळू द्या की! आमचं कुठं नाय म्हणणं? पर साडेपाचची गाडी चुकली तर पोरीला घरला आणायची कुणी? मी पाळीवर, तिचा बाप पाळीवर. अंधारात त्या रस्त्यानं ती एकली यायची का?”

आमच्या व्याख्यानांत ह्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. परत येतांना आम्हीं प्रथमच त्या रस्त्याकडे नीट पाहिलें. शाळेच्या पटावरील अनेक मुलें भोंवतालच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. ग्रामीण भागांतील मुलींस शाळेसाठीं बसचा प्रवास फुकट करणारी, अहिल्याबाई होळकरांच्या नांवाची योजना आपल्या राज्यांत आहे. तिनें हजारों मुलींस शाळेच्या दारापर्यंत आणलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु भाडें माफ झालें म्हणून घड्याळ माफ होत नाहीं. डिसेंबरांत आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पांचाला घंटा, साडेपांचाला बस, सहाला काळोख, आणि मध्यें भरधांव वाहनांचा तो हमरस्ता ओलांडावयाचा. ह्या चार गोष्टी एकापुढें एक मांडल्या, म्हणजे जगाच्या पाहणींत मुलग्यांपेक्षां मुलींचा आंकडा सातांनीं अधिक कां, ह्याचें निदान आमच्या गांवापुरतें तरी कोडें उरत नाहीं. मुली आळशी झाल्या नव्हत्या. त्या वेळेवर घरीं पोंचत होत्या. आम्ही ज्यास चिकाटीचा अभाव म्हणत होतों, तो त्यांच्या घरचा व्यवहारी शहाणपणा होता.

पुढें फेब्रुवारींत एका मुलाचें मनगट मोडलें. जखम मोठी नव्हती, दीड महिन्यांत हात बरा झाला. परंतु शाळेंत एक प्रश्न उभा राहिला, तो बरा झाला नाहीं. घंटेनंतर जें होतें त्याची जबाबदारी कोणाची? मुख्याध्यापकांस दोष देण्याचा मोह त्या वेळीं आम्हांस झाला, पण तो न्याय्य नव्हता. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेस क्रीडांगण असावें असें सांगितलें, खेळाचें साहित्य द्यावें असें सांगितलें, सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठीं अंशकालीन निदेशक नेमावा हेंहि सांगितलें. ज्या लहान शाळांत शंभर मुलें भरत नाहींत, त्यांच्या वांट्यास ह्या कलमानें निदेशकहि येत नाहीं, ही गोष्ट वेगळी. शिक्षकाच्या कामाचे आठवड्यास ४५ तासहि कायद्यानें मोजले. मैदान, साहित्य, माणसें आणि तास, सर्व मोजून झालें. परंतु घंटेनंतर मागें थांबणारा मनुष्य कोणाच्याच हिशेबांत आला नाहीं. आमचे गणिताचे शिक्षक त्या बेहिशेबी तासांत स्वतःच्या पदरचा वेळ घालीत होते. पदरचें देणाऱ्यास कोणी हुकूम करूं शकत नाहीं, आणि त्याचा पदर फाटला तर कोणी शिवूनहि देत नाहीं. त्या उन्हाळ्यांत त्यांची बदली झाली.

येथें ओघानेंच जपानची आठवण होते. आमच्या वसाहतींतील कारखान्यांमुळें तो देश आम्हां सुपेकरांस तितकासा परका राहिलेला नाहीं. शाळा सुटल्यावर मुलांनीं थांबून खेळावें ही गोष्ट जपाननें जितकी अंगीं मुरविली, तितकी थोड्याच देशांनीं मुरविली असेल. तेथें शाळाशाळांतून सायंकाळचीं क्रीडामंडळें चालतात आणि शिक्षक त्यांवर देखरेख करतात. परंतु हा सारा भार शिक्षकांच्याच खांद्यावर टाकल्यानें ते थकून जातात, असें तेथेंहि दिसून आलें. आणि २०२३ पासून सरकारी माध्यमिक शाळांतील सुटीच्या दिवसांचीं हीं मंडळें हळूहळू गांवाच्या व स्थानिक संस्थांच्या हातीं सोंपविण्याचें धोरण त्या सरकारनें धरलें. ज्यांनीं हें काम शिस्तीनें करून पाहिलें, त्यांनाच तें एकट्या शिक्षकाकडून निभत नाहीं असें आढळलें. मग आपण तें आपल्याकडच्या एका हौशी गणितशिक्षकाच्या जिवावर निभेल असें कां समजावें?

आपल्याकडील जुन्या तालमींचेंहि रहस्य ह्याहून निराळें नव्हतें. तालमींत माती होती, मलखांब होता, मारुतीची मूर्ति होती. परंतु तालीम चालत असे ती वस्तादामुळें. संध्याकाळीं तो तेथें असणार, हें गांवास ठाऊक असे. बापानें मुलास तिकडे धाडून निश्चिंत व्हावें. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढलें, आणि १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें परदेशी प्रेक्षकांस देशी खेळ दाखविले. त्या कीर्तीच्या मुळाशींहि, आपला वेळ वर्षानुवर्षें आखाड्यास वाहणारी माणसेंच होतीं. पुढें १९३८ सालीं मुंबई सरकारनें कांदिवली येथें शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली, आणि हा विषय रीतसर शाळेंत आला. त्यानें पुष्कळ हित झालें. परंतु वेळापत्रकांत तास आला आणि गांवांतून वस्ताद गेला. आणि शाळेनें आपलें म्हटलें तें काम गांवानें आपलें म्हणणें सोडलें. अर्थात् जुन्या तालमीची आम्हांस भलती ओढ नाहीं. तिच्या उंबऱ्याच्या आंत गांवच्या मुलींस सहसा पाऊल टाकतां येत नसे, आणि आमची पुतणी त्या काळीं जन्मली असती तर तिचा “खो” कोणासहि ऐकूं आला नसता.

तिच्याविषयींच आतां सांगावयाचें आहे, आणि तें सांगणें आम्हांस जड जातें.

शिक्षक गेल्यावर खेळ बंद पडूं नये म्हणून आम्ही मुख्याध्यापकांस भेटलों. फाटकाची एक किल्ली आमच्या घरीं ठेवावी, आम्ही ओसरीवरून लक्ष ठेवूं, असा शब्द आम्हीं दिला. किल्ली आमच्या दिवाणखान्यांतील खुंटीवर आली. पुतणी रोज ती घेऊन जाई, फाटक उघडी, लहान मुलींस बसवी-उठवी, आणि अंधार पडण्यापूर्वीं किल्ली परत खुंटीवर टांगी. पंधरा-सोळा मुलें येत. हा सारा प्रकार आमच्या देखरेखीखालीं चालला आहे, असें आम्ही चारचौघांत सांगतहि होतों.

परंतु तें २०२३ सालचें वर्ष तिच्या दहावीचें. जुलैच्या आरंभीं आम्हीं तिच्या वडिलांशीं फोनवर विचारविनिमय केला, आणि सायंकाळीं पांच ते सातची शिकवणी लावून दिली. “खेळ काय, पुढल्या वर्षींहि आहेच,” असें आम्ही तिला म्हणालों. ती “बरं काका” एवढेंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीं पांच वाजतां तीन-चार लहान मुली किल्ली मागण्यासाठीं आमच्या दारीं आल्या. ताई नाहीं असें आम्हीं सांगितलें. त्या कांहीं वेळ पायरीवर उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. तिसऱ्या दिवशींहि आल्या. आठवड्यानंतर येईनाशा झाल्या. किल्ली खुंटीवरच होती. आम्ही ओसरीवरच होतों. फाटक आमच्या दारापासून साठ पावलें आहे. परंतु आपण उठून तें उघडावें, हा विचार आमच्या मनांत आला नाहीं. कारण लक्ष ठेवणें आणि जाऊन उभें राहणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आम्हांस तोंवर उमगलेंच नव्हतें.

ती परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली आणि नगरच्या महाविद्यालयांत गेली. खेळतेस कां, असें आम्हीं एकदां विचारलें. ती म्हणाली, “आता कोण घेतंय, काका? तिथं सगळ्या सलग खेळत आलेल्या.” त्यांत तक्रारीचा सूरहि नव्हता. १९ जानेवारी २०२५ रोजीं, रविवारीं, ती घरीं आली होती. त्या दिवशीं दिल्लीस खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारताच्या मुलींनीं नेपाळवर विजय मिळविला, आणि त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे ही आपल्या पुण्याची. आम्ही दोघें दूरदर्शन संचापुढें बसलों होतों. आमची अबोल पुतणी तासभर बोलत होती: हिनें खो द्यायला क्षणभर उशीर केला, ही आतां खांबावर सूर मारणार, हिची हुलकावणी फसली. सामना संपला तेव्हां ती उठली, खुंटीवरच्या त्या किल्लीकडे तिचें लक्ष गेलें, आणि “अजून आहे का ही?” एवढें विचारून ती आंत निघून गेली.

त्यानंतर जें केलें त्यांत पराक्रम कांहीं नाहीं, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. २०२५ च्या जूनपासून शाळेनें आठवड्यांतून तीन दिवस शेवटचा तास खेळास दिला. त्यामुळें वाडीवरच्या मुलींस बस न चुकवितां खेळतां येतें; गांवांतलीं मुलें त्यापुढें आणखी अर्धा तास थांबतात. पाण्याचा एक रांजण सावलींत ठेवला, कारण तहान लागली कीं मूल घरीं पळतें आणि परत येत नाहीं. साडेपांचच्या बसपर्यंत मुलींबरोबर हमरस्ता ओलांडून जाण्याचें काम दोन आयांनीं आपण होऊन पत्करलें; त्यांपैकीं एक, पाळी नसेल त्या दिवशीं, ती चहा देणारी बाई. आणि घंटेनंतर मैदानावर थांबण्यासाठीं आम्हीं गांवांतलीं सहा माणसें पाळीपाळीनें नेमलीं: एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन गृहिणी, एक दुकानदार, एक पूर्वीचा कबड्डीपटू, आणि आम्ही. आम्हांस खो-खोचा एकहि डाव शिकवितां येत नाहीं. शिकविण्याचें काम शेवटच्या तासाला शिक्षक करतात. आमचें काम तेथें असणें, कोणी पडलें तर उचलणें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं शेवटचें मूल बाहेर पडल्याचें पाहून कुलूप घालणें. पंचवीस-तीस मुलें येतात, त्यांत निम्म्याहून कांहीं कमी मुली. हा आंकडा कोणत्याहि अहवालांत शोभण्यासारखा नाहीं, आणि पुढल्या वर्षीं तो टिकेलच अशी हमी आम्ही देत नाहीं. परंतु गेल्या वेळेप्रमाणें तो एका माणसाच्या बदलीबरोबर गळून पडणार नाहीं, एवढें समाधान आहे.

मैदानें व्हावींत, निधि मिळावा, निदेशक नेमले जावेत, ह्या मागण्या रास्तच आहेत आणि त्या आम्हीहि करतों. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराजवळ एखादी शाळा असेल, आणि तिच्या फाटकास सायंकाळीं कुलूप लागत असेल. त्यांनीं एकदां घड्याळ पाहून ओसरीवरून खालीं उतरावें, त्या फाटकापर्यंत किती पावलें पडतात तीं मोजावींत, आणि शेवटची बस कितीला आहे हें तेथल्या एखाद्या मुलीस विचारावें.

आज आमची पाळी आहे. घंटा आतांच झाली. किल्ली मागण्यासाठीं दारांत कोणी उभी आहे, तेव्हां हा लेख येथेंच पुरा करतों.